अवतार नीट करून या

सांगू नये असंच आहे, पण चहा तुम्ही मागवलाय, तेव्हा ऐका. हसायचं असेल तर कप खाली ठेवून हसा.

माझी सगळी नोकरी तहसिलात गेली. निजामाच्या काळातला उर्दू कागद टेबलावर आला की मी तो सुलटा धरलाय की उलटा, हे मला समोरच्याच्या चेहऱ्यावरून कळायचं. निवृत्त झाल्यावर ठरवलं, आता ही लिपी शिकायचीच. पुण्याच्या एका संस्थेचा ऑनलाइन वर्ग निघाला. साधा नाही, त्रिमितीय. म्हणजे पडद्यावर अख्खी शाळा: दार, फळा, बाकं, आणि बाकांवर बाहुल्या. मुलीनं फोनवरूनच जागा धरून ठेवली आणि बजावलं, "पहिल्या दिवशी प्रवेश पक्का करा, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल." बाहुल्यांबद्दल काही बोलली नाही. मला वाटलं, शोभेला ठेवल्या असतील.

वर्ग सुरू झाला. मॅडमचा आवाज आला, "काका, तुमचा अवतार अजून तयार नाही. नीट करून या, मग आत घेते."

आता मला सांगा, परभणीच्या उन्हाळ्यात भरदुपारी घरी बसलेल्या माणसाचा अवतार कसा असणार? बनियन, लुंगी आणि वाढलेली दाढी. बाईचं खरंच होतं. मी माफी मागून उठलो. घाईघाईनं दाढी केली, इस्त्रीची सफारी चढवली.

बायको दारात उभी. ती झरी गावची, बोलण्याला धार माहेरूनच आणलेली.

"आवो, कोणाच्या लग्नाला निघालाव?"

"वर्गाला."

"वर्ग तर घरातच हाय की."

मी पडद्यासमोर जाऊन बसलो. मॅडम म्हणाल्या, "काका, काहीच बदललं नाही."

काहीच नाही? गालावर दोन ठिकाणी कापून घेतलं होतं मी! पण जागेचा प्रश्न होता. पुन्हा उठलो, केसांना कलप फासला. वाळेपर्यंत थांबायला वेळ कुठला? कानांवरून काळे ओघळ घेऊन परत बसलो.

"काका, लवकर करा ना. तुमच्या जागेसाठी लोक थांबलेत. आणि वर्गात महिला आहेत, असं कसं चालेल?"

इथं माझं डोकं फिरलं.

"मॅडम, मी सफारीत आहे. आजवर साहेबानंसुद्धा माझ्या कपड्यांना नाव ठेवलं नाही. तुम्हाला शिस्तच हवी असेल तर कोपऱ्यात तो बाबा बघा. अंगावर सूत नाही, भिंतीकडे तोंड करून उभा आहे कधीचा. त्याला आधी बाहेर काढा, मग माझ्या अवताराचं बघू."

कुणीतरी खोकलं.

"काका," मॅडम हळूच म्हणाल्या, "ते तुम्हीच आहात."

मग त्यांनी समजावलं. माझा कॅमेरा बंदच होता. मी कुणाला दिसतच नव्हतो. वर्गात दिसत होता तो माझा बाहुला. त्यालाच अवतार म्हणायचं, आणि कपडे त्याला घालायचे.

मागून बायको म्हणाली, "मला तर पाठीवरूनच वळखू आलता."

मी पडद्यावरच कपड्यांचा खण शोधला. बाहुल्याला पँट घातली, सफारी घातली, वर मिशीही लावली.

"छान," मॅडम म्हणाल्या. "आता पुढे येऊन नाव सांगा, म्हणजे जागा पक्की."

मी खुर्ची पुढे ओढली. नाक पडद्याला टेकलं.

"तुमी कुठं चाललाव? त्याला न्या की," म्हणत बायकोनं माझ्या हातातला माउस घेतला आणि बाहुल्याला फळ्यापर्यंत चालवत नेलं.

"नाव?" मॅडमनी विचारलं.

समोरून एका बाईनं नाव विचारलं, हिनं सरळ स्वतःचंच सांगून टाकलं, "सुमन."

"नोंदवलं," मॅडम म्हणाल्या.

नाव बदलायचं तर अर्ज करा, असं संस्थेवाले म्हणतात. आता अर्जाचं पुढं काय होतं, ते तुम्ही मला शिकवू नका.

तेव्हा जागा मिळाली. रोज दुपारी सफारीतला एक मिशीवाला गृहस्थ पहिल्या बाकावर बसतो, आणि यादीतलं नाव बघून "सुमनताई, वाचा," अशी हाक आली की मी वाचतो. परवा माझ्या वहीचा फोटो बघून मॅडम म्हणाल्या, "सुमनताई, अक्षर फार नाजूक आहे हं तुमचं."

खोटं कशाला बोलू, लाजलो मी.