अनएम्प्लॉइड म्हणजे कोण

आठवीचा वर्ग. फळ्यावर मी 'अनएम्प्लॉइड' लिहिलं. शेजारी अर्थ लिहिला, ज्याच्याकडे पगाराचं काम नाही असा. मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, वाक्यात सांगा की."

तेवढ्यात संस्थेचे अध्यक्ष दारात आले. सोबत त्यांची सून. हसत म्हणाले, "वाक्य कशाला पायजे? तुमच्या मॅडमच हायत की समोर."

वर्ग हसला. मुलांचा राग नाही आला. अध्यक्ष हसले की हसायचं, एवढं त्या गावात सगळ्यांनाच येतं.

आठ वर्षं मी बीडहून बसने नेकनूरकडच्या त्या गावात जात होते. शाळा विनाअनुदानित. अनुदान आलं की पगार सुरू होईल, असं सांगायचे. अब्बा फळांच्या गाड्यावर गिऱ्हाइकाला सांगायचे, पोरगी मास्तरीण हाय. रोज सकाळी मी एका वहीत सही करायचे. तेच हजेरीपत्रक, असं समजून. खरं मस्टर अध्यक्षांच्या घरी होतं. बी.एड. झालेली बाई, आणि एवढं कळलं नाही. तपासणीला अधिकारी आले की मला खिचडीच्या खोलीत बसवायचे. मीही मुकाट तांदूळ निवडायचे. त्याची आज लई लाज वाटते.

अनुदान आलं. माझ्या जागेवर सुनेचं नाव निघालं, तेही आठ वर्षांपासूनचं. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं. आंधळी मीच होते.

त्या दिवशी अध्यक्षांनी मला वर्गाबाहेर बोलावलं. "उद्या तपासणी हाय. सूनबाईला वर्गावर घ्यायला इंग्रजीचा एक धडा शिकवून ठेवा. अन् उद्या तुमी खिचडीच्या खोलीत बसा."

"न्हाई बसणार."

"कावून?"

"वर्ग माझा हाय."

दुसऱ्या दिवशी मी वर्गावर उभी राहिले. अधिकाऱ्यांनी विचारलं, "या कोण?"

अध्यक्ष म्हणाले, "गावात येती-जाती बाई, साहेब. अनएम्प्लॉइड हाय. पोरांत मन रमवती."

मी म्हणाले, "आठ वर्षं इथं इंग्रजी शिकवते. पोरांना विचारा."

अधिकाऱ्यांनी विचारलं नाही. चहाला गेले. मुलं खाली मान घालून बसली होती.

तेव्हापासून शाळेचं गेट मला बंद आहे. दुसऱ्या शाळेत जावं तर माझ्याआधी अध्यक्षांचा फोन पोचलेला असतो. अब्बा आता गिऱ्हाइकाला काही सांगत नाहीत. ती जागा मला मिळणार नाही, हे मला पक्कं माहीत आहे.

पण जुन्या विद्यार्थ्यांच्या घरी जाऊन मी वह्या मागते आहे. पानापानावर माझी तारखेसकट सही आहे. दोघांनी दिल्या. बाकीच्यांनी दार लावून घेतलं. पुढच्या तपासणीला त्या दोन वह्या घेऊन मी रस्त्यात उभी राहणार. साहेबांची गाडी थांबो न थांबो, मी बाजूला होणार नाही.