पाण्याखालच्या म्हसोबाची अक्षत

कारखान्यातून बाहेर पडणारी प्रत्येक वस्तू अर्धवट असते आणि ती पुरी करण्याचं काम परमेश्वराने आमच्या साडूभाऊंवर सोपवलेलं आहे, याबद्दल निदान साडूभाऊंच्या मनात तरी तिळमात्र शंका नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. परतूरला धान्याच्या मोंढ्याजवळ पाण्याच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचं त्यांचं दुकान आहे. लग्नात सासरहून मिळालेला पंखा त्यांनी पहिल्याच आठवड्यात सुधारला. तेव्हापासून तो वारा देतो, पण छताला. फ्रिजच्या दाराला त्यांनी अशी घंटी बसवली आहे, की कोणी चोरून लोणचं काढलं तर अख्ख्या गल्लीला कळतं. "मास्तर, कंपनीवाल्याला घाई असती. आपल्याला काय घाई हाय?" असं ते मला समजावतात. मी शाळेत भूगोल शिकवतो, त्यामुळे मला काहीच येत नाही हे त्यांनी मोठ्या मायेने गृहीत धरलेलं आहे.

अशा माणसाच्या हाती ड्रोन पडला. लग्नाचे फोटो काढणाऱ्या एकाने वापरून टाकलेला, परातीएवढा. दुसरा कोणी असता तर त्याने तो आधी उडवला असता. साडूभाऊंनी आधी उघडला. एरवी तो सुट्या तुकड्यांच्या रूपातच दुकानात पडून राहिला असता, पण मध्येच त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं आणि गोष्ट सासूबाईंपर्यंत गेली.

सासूबाईंचं गाव धरणात गेलेलं आहे. गावच्या मारुतीला वाजतगाजत नव्या गावठाणात आणलं, पण त्यांच्या शेताच्या बांधावरचा म्हसोबा पाण्याखाली राहिला तो राहिलाच. आणि घरातल्या लग्नाची पहिली अक्षत म्हसोबाला, मग बाकीच्या देवांना, मग माणसांना, असा त्या घराचा रिवाज. थोरल्या नातवाच्या लग्नात आम्ही मासे धरणाऱ्याच्या होडीतून गेलो आणि अंदाजाने अक्षत पाण्यात सोडली. त्या लग्नात आचारी ऐन वेळी गायब झाला, घोडी नवरदेवाला घेऊन भलत्याच मांडवात शिरली आणि व्याही जेवणाच्या ताटावरून उठले. सासूबाईंनी एका वाक्यात निकाल दिला, "अक्षत भावकीच्या म्हसोबाला गेली." भावकीचा म्हसोबा पलीकडच्याच बांधावर होता. आता नातीच्या लग्नाला त्यांनी बजावून सांगितलं, "औंदा अक्षत आपल्या म्हसोबाला बराबर पोचल्याबिगर मी हळदीला हात लावणार न्हाई." आणि त्यांनी हात लावल्याशिवाय त्या घरात हळद दळली जात नाही.

सगळे एकमेकांकडे बघू लागले. साडूभाऊ मात्र फुलले. त्या लग्नानंतर दुष्काळाच्या एका उन्हाळ्यात पाणी पार हटलं होतं, तेव्हा आम्ही सगळे म्हसोबाच्या दर्शनाला गेलो होतो आणि साडूभाऊंनी त्या जागेचे अक्षांश-रेखांश फोनमधून टिपून ठेवले होते. "नंबर माझ्यापाशी हाय मामी," ते सासूबाईंना म्हणाले, "तुम्ही बिलकुल काळजी करू नका."

अडचण एवढीच होती, की ड्रोनला आपण कुठे आहोत ते उपग्रह सांगतात आणि या ड्रोनला ते नीट ऐकू येत नव्हतं. हवेत एका जागी थांबवला तरी तो डुलक्या घेणाऱ्या माणसासारखा दोन-तीन मीटर कलंडायचा. साडूभाऊंनी निदान केलं, की जीपीएसची चकती कॅमेऱ्याच्या आणि वायरींच्या शेजारी बसवली आहे, त्यांच्या कलकलाटात तिला वरचा आवाज येणार कसा? "चार बायांच्या मधी बसून फोनवर बोलता येतं का मास्तर?" हे वाक्य त्यांच्या मंडळींनी ऐकलं आणि त्या दिवशी दुकानात डबा पोचला नाही.

मग त्यांनी जुनी चकती काढून मोठी आणली आणि ती बोटभर उंच कळकाच्या काडीवर चढवली. खालच्या वायरींवर तांब्याचा पत्रा गुंडाळला. चकतीखाली तांब्याची थाळी असली तर उपग्रह आणखी स्पष्ट ऐकू येतात, असं त्यांनी कुठेतरी पाहिलं होतं. पूजेला बसल्यावर माझ्या मेहुणीला कळलं, की देवघरातलं ताम्हण मधोमध कापलेलं आहे. "देवाच्याच कामाला गेलं ना?" साडूभाऊ म्हणाले. यावर मेहुणीने आठवडाभर अबोला धरला.

ड्रोनच्या होकायंत्राला दिशा शिकवायची तर तो हातात धरून स्वतःभोवती गिरक्या घ्याव्या लागतात, एकदा आडवा धरून आणि एकदा नाक खाली करून. जवळपास लोखंड चालत नाही. म्हणून साडूभाऊ गच्चीवर बायकांना केसांचे आकडे काढायला लावत आणि मला पट्टा. मी एका हाताने पँट धरून उभा, समोर साडूभाऊ डोळे मिटून गिरक्या घेताहेत, हे पाहून शेजारच्या आजींनी एकदा लिंबू पाठवलं. गिरक्या झाल्या की उपग्रहांची वाट बघायची. वऱ्हाड मोजावं तसे ते मोजत. "बारा आले... अमेरिकावाले आले, रशियावाले आले. आपले आणखी येऊन राह्यले." अठरा झाल्याशिवाय उड्डाण नाही. गच्चीवर चुन्याचा ठिपका काढून त्यावर ज्वारीची पुरचुंडी पाडायचा सराव तीन महिने चालला. शेवटी शेवटी ती दहात नऊ वेळा ठिपक्यावर पडायची, आणि दहाव्या वेळी वाऱ्याला शिव्या पडायच्या.

ठरल्या दिवशी सकाळी आम्ही धरणाच्या काठावर जमलो. अक्षता, सुपारी आणि बुडावी म्हणून दोन खडे, अशी लाल कापडातली पुरचुंडी सासूबाईंनी स्वतः बांधली. एकोणीस उपग्रह आले. ड्रोन पाण्यावरून दूर गेला आणि खुंटीला टांगल्यासारखा एका जागी थांबला. तसूभर हलला नाही. पुरचुंडी सुटली, पाण्यात गेली, आणि सासूबाई डोळे मिटून म्हणाल्या, "पोचली रे बाबा."

ड्रोन परत आला. साडूभाऊंनी नमस्कारासाठी चपला काढल्या, चामड्याच्या पाकिटातला फोन चपलांवर ठेवला, हात जोडले आणि तसेच थिजले. मग माझा दंड धरून बाजूला घेऊन गेले.

"मास्तर, घोटाळा झाला. त्या उन्हाळ्यात देवापाशी चामडं कसं न्यायचं म्हणून फोन मी चपलांपाशीच ठेवल्ता. नंबर तिथंच घेतला. तीन महिने मी ह्यो ड्रोन माझ्या चपलांवर नेमून राह्यलो."

मी म्हणालो, पाण्याखालचं कोणाला दिसतंय? गप्प राहा, लग्न होऊन जाऊ द्या.

साडूभाऊ माझ्याकडे बघतच राहिले. "मामीला फसवू?" म्हणाले, आणि सरळ जाऊन त्यांनी सगळं सांगून टाकलं. नवरी मुलगी रडायच्या बेतात आली. आता हळद अडली, असं मलाही वाटलं.

सासूबाईंनी विचारलं, "किती लांब पडली म्हणता?"

"वीस पावलं असतील."

"मंग? एवढी वर्षं बसूनच हाय की त्यो. वीस पावलं चालंल नातीसाठी." आणि मग, "कोण्या अंगाला?"

"बराबर उगवतीला, मामी," साडूभाऊ म्हणाले.

सासूबाई पाण्याच्या कडेपर्यंत गेल्या. आपल्या बुडालेल्या शेताकडे तोंड करून, औत हाकणाऱ्या माणसाला भाकरीसाठी हाक मारावी तशी त्यांनी मोठ्याने हाक दिली, "उगवतीकडं ये रे बाबा! आपल्या पोरीची अक्षत हाय!"

कोणी हसलं नाही. साडूभाऊ डोळे पुसत होते आणि ते लपवायचंही त्यांना सुचलं नाही. आम्ही सगळे त्या पाण्याकडे बघत उभे राहिलो. मी भूगोलाचा मास्तर, पण तेवढा वेळ मलाही वाटत होतं, की खाली कोणीतरी उठून चालायला लागलं आहे.