स्वयंपाकघरातला खांब मॉडेलमध्ये नव्हता

नालासोपाऱ्यातल्या आमच्या इमारतीची तपासणी ठरली, तेव्हा कमिटीने आधी काय केलं, तर सगळ्या खांबांना प्लास्टर मारून रंग दिला. मुलगी दाखवायला बसवतात तशी इमारत बसवली. फक्त तळमजल्यावरच्या काकूंच्या स्वयंपाकघरातला खांब तसाच राहिला. आतली सळई गंजून फुगलेली, प्लास्टर टिकेच ना. खांब अगदी ओट्याला लागून, आणि काकू तिथंच भाकऱ्या थापायच्या.

इंजिनिअर आला. खांबातून काँक्रीटचा नळकांड्याएवढा तुकडा काढायचा, आत खडी, रेती, सिमेंट कसं आहे ते बघायचं आणि त्यावरून संगणकात इमारतीचं मॉडेल उभं करायचं, हे त्याचं काम. इमारतीच्या धोक्याची पत्रकं मी आधीपासून घरोघरी वाटत होते. मी म्हणाले, काकूंच्या खांबाचा तुकडा घ्या.

"पत्रकवाल्या बाई," सेक्रेटरी म्हणाले, "लोकांच्या घरात कशाला घाण? जिन्याखालचा घेऊ."

जिन्याखालचा खांब नुकताच नव्या काँक्रीटने भरलेला. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मी इंजिनिअरलाही सांगितलं. तो म्हणाला, "सोसायटी दाखवेल तिथूनच घेतो, मॅडम."

पुढच्या मीटिंगला त्याने लॅपटॉप उघडला. पडद्यावर करडी खडी, मध्ये सिमेंटचा लगदा आणि प्रत्येक खड्याभोवती दुधावरच्या सायीसारखा पातळ थर. भार वाढवला की तडा खडीला हात लावत नव्हता, त्या सायीतून वाट काढत जायचा. देखणं काम होतं. पण तरण्या पोराचं रक्त तपासून म्हाताऱ्याला ठणठणीत असल्याचा दाखला द्यावा, तसला प्रकार. तडे थोडेच दिसले. इमारत पास.

काकू मागून म्हणाल्या, "ह्यात माझो खांब खंय आसा?"

लोक हसले.

"आजी, सगळे खांब सारखेच धरलेत," इंजिनिअर म्हणाला.

"धरलेत म्हंजे? बघूक नाय?"

अहवाल मंजूर करायला पहिला हात वर गेला तो काकूंच्या मुलाचा. त्याला घर विकायचं होतं.

महिनाभराने त्या खांबाचा एक ढलपा सुटला आणि भाकरी थापणाऱ्या हातावर पडला. मनगट मोडलं. मुलाने डॉक्टरला सांगितलं, आई बाथरूममध्ये घसरली. मी नवीन पत्रक छापलं. सेक्रेटरींनी ते जिन्यातून गोळा करून टाकलं, वर मला ऐकवलं, "पोरी, तुझ्यापायी आम्हा सगळ्यांची घरं मातीमोल होतील."

रविवारी गिऱ्हाईक आलं. नवराबायको, कडेवर मूल. खांबापुढे कपाट सरकवलेलं. मी दारातच पत्रक पुढे केलं. नवऱ्याने न वाचताच त्याची घडी घातली.

"अहवाल बघूनच आलोय हो," तो म्हणाला. "कॉम्प्युटरवर सगळं तपासलंय इथं."

त्याच्या बायकोने काकूंच्या गळ्यात अडकवलेल्या हाताकडे पाहिलं. "काय झालं, आजी?"

काकूंनी मुलाकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"घसरलंय गो न्हाणयेत," त्या म्हणाल्या, आणि मुलाने पाहुण्यांना स्वयंपाकघरात नेलं.