ठेवून घेतलेली चिठ्ठी

नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी आमच्या ख्रिस्ती मंडळीत उपकारस्तुतीच्या चिठ्ठ्या वाचत. सरत्या वर्षात देवाने दिलेल्या एका गोष्टीबद्दल प्रत्येक घराने दोन ओळी लिहून द्यायच्या आणि मंडळीच्या वयस्कर पुढाऱ्यांनी, ज्यांना आम्ही सगळे 'वडील' म्हणत असू, त्या मोठ्याने वाचायच्या. चिठ्ठ्या गोळा करून क्रमाने लावायचे काम माझे. याद्यांची सवय मला तेव्हाही होती.

भिलाईत पोलादाचा कारखानाच अजून उभा राहत होता, चर्च कुठले! तीन वर्षे ही सभा कामगारांच्या कॅम्पातल्या आमच्या पत्र्याच्या खोलीत भरली. त्या वर्षी मात्र ती आमच्या जुन्या शेजारणीच्या नव्या क्वार्टरात ठरली. ती विदर्भातून आमच्यानंतर वर्षाने आलेली. लिहायला शिकली तीही माझ्याच खोलीत, माझ्याच पाटीवर. आणि क्वार्टर आधी तिला! दोन खोल्या, विटांच्या भिंती, स्वयंपाकघरात नळ. भिंतींचे मी सोसले असते. मी रोज कारखान्याच्या भोंग्याच्या आधी बादली घेऊन कॅम्पातल्या एकुलत्या नळाच्या रांगेत उभी राहत होते. नळ मला सोसवेना.

"कावून फुगून राहिली?" नवऱ्याने विचारले. "आपलाबी नंबर लागन."

"मी कुठं फुगली? चिठ्ठ्या लावून राहिली."

शेजारणीची चिठ्ठी हातात होती. 'नवं घर दिलं म्हणून प्रभूचे उपकार.' ती मी आधी मधे घातली, मग शेवटी, मग माझ्या गायनाच्या पुस्तकात. घर सगळ्यांना दिसणारच आहे, वाचायचे काय त्यात, असे स्वतःला बजावले.

सभेत ती स्वयंपाकघराच्या दाराशी बसली होती. वडिलांनी नवी चिठ्ठी उघडली की ती पदर सारखा करून ताठ व्हायची. शेवटची वाचून झाली.

"संपल्या?" वडिलांनी मला विचारले.

"संपल्या."

ती माझ्याकडे सरकली. "बाई, माही चिठ्ठी वाचताच नसन आली त्याईले. लय वाकडं लिवलं काय मी?"

चूक तिने स्वतःवर घेतली होती. तिचे अक्षर तर चांगले गोल, सुटे होते; मीच गिरवून घेतले होते. मी उठले.

"एक चिठ्ठी आहे अजून. मी ठेवून घेतली होती."

"कावून वो?" मागून एका म्हाताऱ्या बाईने विचारले.

"हिच्या घरचा नळ मला पाहवला नाही."

मग तीच म्हातारी म्हणाली, "मलेबी नाही पाहवला, माय!" सगळे हसले. शेजारीण हसली नाही. मी चिठ्ठी वडिलांना न देता तिच्याच हातात दिली. तिने एकेका अक्षरावर बोट ठेवत ती स्वतः वाचली, आणि वाचून झाल्यावर माझ्याकडे न बघता खाली बसली.

वडिलांनी प्रार्थनेसाठी हात जोडले आणि मला विचारले, "बाई, नव्या वर्षात तुमच्यासाठी काय मागू?"

क्वार्टर, हे अगदी ओठावर आले होते.

"हिच्या घरी चहा प्यायला मोकळ्या मनाने येता यावं, एवढं मागा," मी म्हणाले. "क्वार्टरचं पुढच्या रविवारी मागू."