आधी जेवा, मग रडा

लग्न होऊन पोशीरला आले त्या दिवशी मी जी रडायला सुरुवात केली ती थांबेचना. माझं माहेर कुंभिवलीचं, हायवेला लागून. म्हणजे सासर काही परमुलखात नव्हतं. पण रडायला अंतर लागत नाही. बायका समजूत काढून दमल्या. एवढ्यात गर्दीतून एक सडपातळ मुलगी वाट काढत आली, माझ्यासमोर वरण-भाताचं ताट जवळजवळ आदळलं आणि म्हणाली, "वहिनी, सकाळपासून पोटात काय नाय तुज्या. आधी जेव, मग रड. उपाशीपोटी रडलं की चक्कर येते, आन मग मलाच धावायला लागतं." मी रागारागाने जेवले. जेवल्यावर रडूच येईना, याचाही मला राग आला.

ती माझी नणंद, सुरेखा. मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात नर्स होती. नवऱ्याची धाकटी बहीण, वयाने माझ्याएवढीच; पण नणंद म्हणून मी तिला ताई म्हणायचे आणि ती मला अगं-तुगं करायची. तिला एक खोड होती. कुणाचाही हात हातात घेतला की तिची बोटं आपोआप मनगटावर नाडीपाशी जात. रक्षाबंधनाला राखी बांधतानाही ती भावाची नाडी बघून घ्यायची. आमचे हे म्हणायचे, "हिला ओवाळणी नको, केसपेपर द्या."

पहिल्या पगारात तिने घरी कुकर आणला होता, ती गोष्ट मी सासूबाईंकडून इतक्यांदा ऐकली की आता मला ती स्वतः पाहिल्यासारखी वाटते. पहिली शिट्टी झाली तेव्हा माझे सासरे, आबा, ओटीवरून धावत आत आले. "आगगाडी नेरळला बरी दिसते. घरात कशाला आनलीस?" सुरेखाताई म्हणाली, "आबा, आई रोज धुरात मरते हाय. शिट्टीनं कुनाचं कान फुटत नाय." तेव्हापासून कुकर लावला की आबा घराबाहेर जायचे, आणि शिट्ट्या संपल्या की जेवायला आत यायचे. मधूनच अंगणातून ओरडायचे, "बंद करा गं, भात लागंल!" म्हणजे बाहेर बसून शिट्ट्या मोजत असायचे!

आबांना सगळं चालायचं, फक्त रीत मोडलेली चालत नसे. आमच्या भावकीत कुणी गेलं की अग्नी देऊन माणसं परत येईपर्यंत एकाही घरात चूल पेटत नाही. सासूबाई गेल्या तेव्हा सुरेखाताई मुंबईहून यायची होती, म्हणून त्यांना दुपारपर्यंत ठेवलं होतं. ताई आली, आईच्या पायांवर डोकं ठेवलं आणि उठून पहिलं काय केलं असेल, तर पोरांचे चेहरे पाहिले. सकाळपासून सगळी उपाशी. शेजारच्या रेहानाभाभींचं किराणा दुकान आहे. त्या काही आमच्या भावकीतल्या नव्हेत, त्यांच्याकडे चूल पेटलेली. ताईने त्यांच्याकडून खिचडीचं पातेलं आणवलं आणि पडवीत पोरांची पंगत बसवली. घरात प्रेत, आणि पडवीत पंगत! आबांसमोर ताट नेलं तेव्हा ते गरजले, "अग्नी दिल्याबिगर माज्या तोंडात घास जायचा नाय."

"आबा, तुमाला शुगर हाय. आधी जेवा, मग रडा."

"तुजी अक्कल हास्पिटलात चालव."

"सगळ्यांना वाढन्यात आईची जिंदगी गेली. आज तिलाच बघत उपाशी ऱ्हाताय?" ती म्हणाली. आबा जेवले नाहीत. तेरावं होईपर्यंत तिच्याशी बोललेही नाहीत. ती मात्र जाण्याआधी मला इन्सुलिनचं इंजेक्शन द्यायला शिकवून गेली. वांग्यावर सराव करून घेतला. एकच गोष्ट तिने माझ्याकडून पुन्हापुन्हा म्हणवून घेतली: "ताट समोर आल्याबिगर सुई टोचायची नाय. सुई दिली आन आबा जेवलं नाय, तर मानूस हातचा जाईल."

मग आली ती गणपतीतली दुपार. सगळे जेवायला बसलो होतो. तिचा नवरा आणि मुलगी आर्याही होती. ताई म्हणाली, "एक सांगायचंय. पर आधी जेवा." आम्ही हसलो. ताटं रिकामी झाली, तेव्हा म्हणाली, "मी आयर्लंडला चाललीय. तिथल्या हास्पिटलात नोकरी लागली. मागनं ही दोघं पन येतील. आमी तिकडंच ऱ्हानार."

मला आधी वाटलं ती चेष्टा करतेय. मे महिन्यात आठवडाभर येऊन ती बांधावर फिरत इंग्रजी बडबडत होती, ते मी ऐकलं होतं. मला समोर उभं करून आपल्या गावाबद्दल इंग्रजीत सांगायची, आणि म्हैस मान वर करून बघायची. मी म्हटलं होतं, बढतीची परीक्षा असेल. बाई देश सोडायची तयारी करतेय हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

आबांचा हात ताटातच वाळला. "मुंबई काय कमी पडली तुला? एवढं मोठं शेर हाय."

"शेर मोठं हाय आबा, पर माज्या वाट्याला त्यातली एक खोली आली. वॉर्डात एवढी मानसं की मी खाटेचे नंबर वळखते. मानूस बरा होऊन घरी जातो, तवा मला त्याचं नाव ठाऊक नसतं. परवा शाळेत बाईंनी इचारलं, आर्या कुठल्या तुकडीत, तर मला सांगता आलं नाय. माजीच पोर."

"आन आमी?" आबा म्हणाले. "आमचा खाटेचा नंबर काय?"

तिने आबांचा खरकटा हात तसाच हातात घेतला. बोटं गेली नाडीवर. आबांनी हात सोडवून घेतला आणि म्हणाले, "जेवल्यावर सांगितलंस ते बरं केलंस. खाल्लेलं आता बाहेर काढू काय?"

ती गेली त्या दिवशी आबा विमानतळावर आले नाहीत. शेतावर जाऊन बसले. ती गाडी थांबवून बांधावर गेली, तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "परत कवा?" ती म्हणाली, "वाल निघतील तवा." आमच्याकडे भात कापला की त्याच ओलीवर वाल पेरतात, आणि वालाच्या बिरड्यावर तिचा भारी जीव. वाल निघाले, पुन्हा निघाले. तिला काही यायला जमलं नाही. कधी सुट्टी नाही, कधी आर्याची परीक्षा.

पण फोन रोज. तिकडे तिची सकाळ, आमची दुपार. आधी आबांची शुगर विचारायची, मग गावातलं कोण कुणाशी भांडलं ते. तिकडेही तिने कुकर नेला होता. पहिल्यांदा शिट्टी झाली तेव्हा शेजारची म्हातारी घाबरून दार वाजवायला आली. "मग काय केलंस?" मी विचारलं. "काय करनार? बसवली आन वरन-भात वाढला. आता दर रविवारी येते. वहिनी, तिचं नाव नोरा. माज्या हार्टच्या वॉर्डातल्या सगळ्यांची पन नावं मला पाठ हायत." आणि खरंच नावं म्हणून दाखवायची. आबा बाजूला बसून, आपण ऐकत नाही असं दाखवत, सगळं ऐकायचे. एकदा मला म्हणाले, "त्या नोराला संधिवात हाय का इचार. गुडघं दुखत्यात म्हनत होती ना?"

यंदा तिने तिकीट काढलं होतं. मी ओटीवर वाल निवडत बसले होते. तिच्यासाठी टपोरे वेगळे काढत होते. फोन वाजला. स्क्रीनवर ताईचं नाव, बोलत होती आर्या. "मामी, मम्मी ड्युटीवरून येताना बसस्टॉपवर पडली. मामी, मम्मी गेली." मी म्हटलं, "कुठे गेली?" मी खरंच असं विचारलं. ती पोर पलीकडून रडत होती आणि मी विचारत होते, कुठे गेली, कुठे गेली. टपोरे वाल मी पुन्हा साध्या वालांत ओतले, ते मला नंतर कळलं. दुसऱ्यांच्या हृदयाकडे रात्रभर लक्ष ठेवून घरी निघालेली बाई, आणि तिचं स्वतःचं हृदय रस्त्यात बंद पडावं! अजून माझ्या गळी हे उतरत नाही.

आबा रडले नाहीत. ऐकलं आणि ओटीवर खांबाला टेकून बसले. बोलले ते एवढंच: "चुली बंद करा."

त्या दिवशी भावकीने मान राखला. पण तिकडून कळलं की मृत्यू अचानक झाला म्हणून तपासणी व्हायची, अग्नी कधी मिळेल ते सांगता येत नाही. (पुढे तो तिकडेच दिला; आम्ही फोनवर पाहिला. त्याच्याबद्दल मला लिहिता येणार नाही.) दुसऱ्या दिवशी कुजबुज सुरू झाली. चुलतसासरे येऊन म्हणाले, "दादा, ही रीत गावात प्रेत असंल तवाची. हितं कुठं हाय?" आबा म्हणाले, "मानूस आपलं हाय ना?" ते मुकाट्याने परत गेले. कुणीतरी शोध लावला की रीत चुलीची आहे, गॅसची नाही. मग दारं लावून, आवाज न करता, पातेल्यात भात शिजू लागले. आम्हाला वास यायचा. आबांनाही येत असणार.

आमच्या घरी रेहानाभाभी दोन्ही वेळा डबा पाठवत होत्या. आम्ही कसेबसे दोन घास गिळत होतो, पण आबा डब्याला हात लावत नव्हते. पाणी आणि बिनसाखरेचा चहा, बस्स. भाभी स्वतः आल्या, पदर पसरून म्हणाल्या, "आबा, सुरेखा मला पन बहीन होती. तिच्यासाटी दोन घास घ्या." आबांनी फक्त हात जोडले. मी इंजेक्शन हातात घेऊन उभी असायचे. समोर ताट नाही, तर टोचू कशी? आणि किती वेळ टोचायचं नाही? नेरळहून डॉक्टर येऊन गेले, म्हणाले, दवाखान्यात हलवा. आबा खांब सोडायला तयार नव्हते. आमचे हे कोपऱ्यात जाऊन रडत होते. मला तर फोन उचलून ताईलाच विचारावंसं वाटत होतं, आबा ऐकत नाहीत, काय करू? दोनदा तिचं नाव काढून बोट थांबवलं. एक गेली, आता दुसरा माझ्या हातून जात होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी ओटीवर भावकी जमली होती. आणि मागच्या घरातून कुकरची शिट्टी झाली.

लांबलचक, खणखणीत शिट्टी. मागचं घर माझ्या चुलतजावेचं, कमळचं. कालपासून पातेल्यात शिजवून बिचारी कंटाळली असेल; शिट्टी काढून ठेवायची, ते सवयीने विसरली असेल. ओटीवर सगळ्यांच्या माना खाली गेल्या. चुलतसासरे तर उठून उभे राहिले, चेहरा लाल. सून त्यांचीच. कमळ आमच्या मागच्या दारात येऊन उभी राहिली, तोंडावर पदर. मला वाटलं आता आबा काहीतरी भयंकर बोलतील, आणि ही भावकी इथेच तुटेल.

दुसरी शिट्टी झाली. बंद करायलासुद्धा कुणी हललं नाही.

आबांनी डोळे मिटले होते. ओठ हलत होते. तिसरी शिट्टी झाली तसे त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले,

"बंद कर गं कमळे. भात लागंल."

कमळ आपल्या घरात पळाली. आबा माझ्याकडे वळले. "इंजेक्शन आन. आन तिचा भात माज्या पानात वाढ." चुलतसासरे पुटपुटले, "दादा, पर अग्नी..." आबांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी शर्ट वर करून पोट माझ्यापुढे केलं. ताट समोर आलं, मगच मी सुई टोचली.

आबांनी भात कालवला. शांतपणे, एकेक घास चावून, ताट पुसून जेवले. आम्ही सगळे बघत होतो. त्यांनी हात धुतला, पंच्याला पुसला आणि डाव्या हाताची बोटं आपल्याच उजव्या मनगटावर, नाडीपाशी ठेवली.

मग आबा रडले.