‘गा’ नको, ‘वं’ म्हण

"प्रकाश गेला," भाऊ फोनवर म्हणाला. क्षणभर मला कळेना, कोण प्रकाश? गेली होती ती माझी मोठी बहीण, वैजयंती... प्रकाश हे तिचं जन्मावेळी ठेवलेलं नाव. महिना उलटला, तरी तोंडातली कडू चव जात नाही.

आमचं घर नंदनवन वस्तीतलं, कोष्ट्यांचं. अठराव्या वर्षी ती साडी नेसून बाबांसमोर उभी राहिली आणि बाबांनी तिला बाहेर काढलं. मी दाराआडून बघत राहिले, हेही लिहायलाच हवं. पुढे लग्नांत नाचून तिनं शिक्षण पुरं केलं, स्थानिक वाहिनीवर बातम्या दिल्या. शहर तिला ओळखू लागलं. मग त्या ओळखीच्या बळावर ती तृतीयपंथीयांच्या रेशनकार्डासाठी, दवाखान्यातल्या खाटेसाठी वर्षानुवर्षं साहेबांशी भांडली.

आई वारली तेव्हा ती आली होती. भावानं फाटकातच अडवलं. "लोकं पाहून राहिले. जाय गा तू इथून!" आमच्याकडे पुरुषाला ‘गा’ म्हणतात, बाईला ‘वं’. ती एवढंच म्हणाली, "जाय म्हणशील तर जाते. पण ‘गा’ नको, ‘वं’ म्हण मले."

त्याच भावानं नातेवाईक म्हणून तिचा देह ताब्यात घेतला. तिचे केस कापले, शर्ट-पँट चढवली. आजारपणात जिनं तिला भरवलं, त्या सलमाला घाटाबाहेर थांबवलं.

शोकसभेत फ्लेक्सवर तिचा दहावीतला फोटो, शेजारी तिप्पट मोठे नेते. तिला कधी पाच मिनिटं न दिलेले एक साहेब म्हणाले, "ते थोर समाजसेवक होते." भाऊ रुमालानं डोळे टिपत होता. मी उठून माईक घेतला. "ते नाही, ती. माझी बहीण. तुम्ही तिचे केस कापले..." माईक बंद झाला. मी तशीच ओरडत राहिले. पंचवीस वर्षं उशिरा.

प्रताप नगरात तिची खोली आहे. दर मंगळवारी सलमा आणि मी तिथं लोकांचे अर्ज भरतो. वैजू कागद हातात आला की त्यावरचं नाव न वाचता आधी पालथा ठेवायची आणि समोरच्याला विचारायची, "तुले काय म्हणू?" परवा कळमेश्वरहून एक जण आलं, ढगळ शर्टातलं, मान खाली. मी कागद पालथा ठेवला, तेच विचारलं.

उत्तर आलं. इतकं हळू, की मला पुन्हा विचारावं लागलं.