वळणावर वाढणारा आवाज

"मिस्त्रीकाका, नानांना सांगा, गाडी संपली. तुमचं ऐकतील ते," संदीप मला गाडीमागे नेऊन हळूच म्हणाला. हळू बोलायची तशी गरज नव्हती. त्याचे वडील समोरच उभे होते, आणि त्यांना ऐकू येत नव्हतं म्हणूनच तर सगळा वाद होता.

महाडला हायवेच्या कडेला माझं गॅरेज आहे. नाना राहतात पोलादपूरच्या वर, डोंगरातल्या गावात. उमेदीत ट्रक चालवला, आता भातशेती बघतात. इंजिनाशेजारी बसून बसून कान गेले. त्यांच्या बायकोला, माईंना, गुडघ्याच्या व्यायामासाठी महाडला आणावं लागतं. गावात एस.टी. सकाळी येते आणि थेट संध्याकाळी. गाडी गेली तर माईंचं येणं बंद, आणि नानांचं तर सगळंच बंद. संदीप मुंबईला नोकरीला. सुट्टीत आला, गाडीत बसला आणि चाकाचा आवाज ऐकून हादरला.

"एवढा आवाज आणि यांना पत्ताच नाही! घाटात चाक निखळलं तर? बेच डालो, विषय खतम."

पोराची काळजी खोटी नव्हती, म्हणून मला त्याचा राग येईना. पण चालत्या गाडीला मेली म्हणणं माझ्याच्यानं होणार नव्हतं. म्हटलं, आधी ट्रायल घेऊ.

माई गॅरेजमधल्या बाकावर थांबल्या. नाना स्टिअरिंगवर, मी शेजारी, संदीप मागे. बाजारातून निघताना डावीकडून एक बाईकवाला हॉर्न मारत आत घुसला. नानांना तो दिसला तेव्हा मी डॅशबोर्ड घट्ट धरला होता. संदीप मागून म्हणाला, "बघितलंत?" बघितलं होतं. ते मी मनात ठेवलं.

हायवेला लागलो. वेग वाढला तशी घरघर वाढली, जात्यात दळण पडल्यासारखी. मी नानांच्या कानाशी ओरडलो, "नाना, काही जाणवतं का?"

"आवाजाचं मला नाय माहीत. पन डाव्या वळणाला पायाखाली मुंग्या येतात. महिना झाला फोनवर सांगतोय ह्याला, गाडीत काय तरी हाय. ह्याला वाटतं म्हातारा बडबडतोय."

मी मागे वळून बघितलं. संदीप खिडकीबाहेर बघत होता.

आता थोडं समजावून सांगतो. चाक ज्यावर फिरतं त्या पोलादी गोळ्यांच्या कड्याला बेअरिंग म्हणतात. गाडी डावीकडे वळली की तिचा भार उजव्या चाकांवर येतो. डाव्या वळणावर आवाज वाढला तर दुखणं बहुधा उजवीकडे असतं. वाढतो डावीकडे म्हणून डावंच चाक खोलणारे महाभाग आमच्या धंद्यात पुष्कळ आहेत. टायर वेडावाकडा झिजला तरी असाच आवाज येतो, म्हणून मी आधी टायरवरून हात फिरवून घेतला. चोर सोडून संन्याशाला फाशी नको. टायर ठीक होता.

गॅरेजला आल्यावर पुढचं उजवं चाक जॅकवर घेतलं. एका हातानं चाक फिरवायचं आणि दुसरा हात आतल्या स्प्रिंगवर ठेवायचा, अशी आमची साधी परीक्षा. बेअरिंग खराब असेल तर स्प्रिंग हाताला खरखरते. मला खरखर लागली. मग नानांचा हात धरून तिथे ठेवला आणि चाक फिरवलं.

"ह्याच त्या मुंग्या!" नाना एवढ्या मोठ्यानं ओरडले की समोरचा चहावाला बघायला लागला.

"तुझाही हात लाव," मी संदीपला म्हटलं. त्यानं लावला आणि चाक स्वतःच पुन्हा फिरवून बघितलं.

मग काम. अ‍ॅक्सलचा नट सोडवला, ब्रेक बाजूला केला, चाकाचा गाभा काढून प्रेसवर, म्हणजे दाबयंत्रावर, चढवला. जुनं बेअरिंग बाहेर आलं. आत ग्रीसऐवजी तांबडा चिखल. मी नानांना ओरडून विचारलं, "गाडी कुठं धुता?"

"नदीवर. घाटातून उतरलो की पयली नदीवर."

आमच्याकडे ही पद्धतच आहे. आधी बैल नदीवर न्यायचे, आता गाडी नेतात, आणि तितक्याच मायेनं. पण घाट उतरून आलेल्या गाडीची चाकं ब्रेकनं तापलेली असतात. ती एकदम गार पाण्यात घातली की आतली हवा आकसते आणि रबरी सीलच्या फटीतून पाणी ओढून घेते. नानांनी गाडीची जितकी निगा राखली तितकं बेअरिंग लवकर गेलं. हे मी सांगितल्यावर त्यांचा चेहरा असा पडला की सांगितलं नसतं तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

नवं बेअरिंग बसवताना दाब बाहेरच्या कड्यावरच द्यायचा. आतल्यावर दिला तर गोळ्यांचे व्रण उमटतात आणि नवा पार्ट पहिल्या दिवसापासून कण्हतो. ते जपून केलं, सगळं जोडलं, ट्रायल मारली. गाडी शांत.

संदीपला मी म्हटलं, "गाडी ठणठणीत आहे. चालवणाराही तिचं दुखणं ओळखतो. पण बाईकवाला मी विसरलेलो नाही." मग नानांकडे वळून ओरडलो, "गाडीचा पार्ट बदलला. आता तुमचा. कानाला मशीन लावा, नाहीतर पुढच्या खेपेला मीच चावी काढून घेईन."

"मशीन? मी काय म्हातारा झालो?"

माई बाकावरून म्हणाल्या, "लावा की. मी काय बोलते ते तरी ऐकाल."

"काय म्हणतेय?" नानांनी विचारलं. आम्ही सगळे हसलो, संदीपसुद्धा. मशीन लावायचं आणि मगच गाडी चालवायची, असं ठरलं. नाना तोंड वाकडं करून कबूल झाले.

काही आठवडे गेले आणि नाना दारात हजर. कानात मशीन, कपाळावर आठ्या.

"मिस्त्री, आवाज परत आला."

दाब चुकला की काय? चाक वर घेतलं, फिरवलं, स्प्रिंगला हात लावला. गुळगुळीत. हायवेला नेऊन आणली, काही नाही.

"कधी येतो?"

"घाटात. वळणाला वाढतो. डाव्या अंगानं येतो. पन ही बरोबर असली तरच."

मला वाटलं, शेजारी माणूस बसला की डावीकडे वजन वाढतं, म्हणजे आता डावं बेअरिंग. पाणी दोन्ही चाकांनी प्यायलं होतं. म्हटलं, माईंनाच घेऊन या.

माई आल्या. पोलादपूर सोडून घाटाला लागलो. मी मागच्या सीटवर पुढे वाकून कान लावून बसलो होतो. पहिलं मोठं वळण आलं आणि बारीक, लांबट आवाज सुरू झाला.

"हा बघा!" नाना म्हणाले.

मी बघितलं. माईंनी वरची कडी गच्च धरली होती, डोळे मिटले होते, आणि मिटल्या ओठांनी त्या जात्यावरची ओवी गुणगुणत होत्या. वळण संपलं, ओवी थांबली.

"नाना, गाडी कडेला घ्या," मी म्हटलं. त्यांनी घेतली. "आवाज गाडीचा नाही. माईंचा आहे."

नाना बायकोकडे बघत राहिले. "तू गातेस?"

"भ्या वाटतं वळणाला. लगीन झाल्यापासून असंच करते."

"ट्रकात पन?"

"ट्रकात पन. तवा कुठं ऐकू येणार होतं तुम्हाला?"

नानांनी कानातल्या मशीनला हात लावून बघितला, जागेवर आहे ना म्हणून. मग हँडब्रेक सोडला आणि पुढची सगळी वळणं इतकी सावकाश घेतली की मागचे जीपवाले शिव्या देत पुढे गेले. त्या शिव्याही त्यांना ऐकू आल्या असणार.

तेव्हापासून वळणावर वाढणारा आवाज घेऊन कोणी आलं की मी जॅक लावतोच. पण त्याआधी एक विचारून घेतो, शेजारी कोण बसतं?